वाढदिवस, साडेचार तास आधी

गेल्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या टीममधे एक नवीन मुलगा आलाय, नांदेडचा. पुण्यात येऊन त्याला जेमतेम चार-पाच महिने झाले असतील. मंगळवारी साहेब सुट्टीवर. बुधवारी आल्यावर विचारलं, "काय रे, बरं नव्हतं का?" तर म्हणे, "नाही, काल वाढदिवस होता."

आता वाढदिवस असेल तर माणूस ऑफिसला पेढे घेऊन येईल की नाही? तर गडी म्हणाला, "इथे कुणाला माहीतच नाही ना. दिवसभर कुणी विश करतंय का त्याची वाट बघत बसण्यापेक्षा रूमवर झोपून राहिलो."

मी त्याला खाली टपरीवर नेऊन चहा पाजला. उपदेश वगैरे काही केला नाही. पण ते 'वाट बघत बसण्यापेक्षा' डोक्यातून जाईना. कारण एकदा मीही असाच वाट बघत बसलो होतो. तेही खास जुना टी-शर्ट घालून. थांबा, पहिल्यापासून सांगतो.

२०१९ चा ऑक्टोबर. हिंजवडीतली एक वर्षाची नोकरी सोडून मी मास्टर्स करायला जर्मनीत आखेनला पोचलो होतो. आखेन म्हणजे जर्मनीच्या अगदी पश्चिम टोकाचं गाव, सायकल मारत निघालं तर आधी नेदरलँड्स लागतं नाहीतर बेल्जियम. गाव सुंदर आहे, शार्लमेन राजाने बांधलेलं बाराशे वर्षं जुनं कथीड्रल आहे, सगळं आहे. पण पाऊस! आपल्यासारखा धो धो नाही, नुसती पिरपिर. आणि नोव्हेंबरमधे पाच वाजायच्या आत अंधार.

वसतिगृहाच्या आमच्या मजल्यावर आठ खोल्या आणि एक सामायिक किचन. एक इराणी मुलगी, एक कोलंबियन, एक इंडोनेशियन, विजयवाड्याचा एक तेलुगू मुलगा, बाकी जर्मन. त्यातल्या एका जर्मनाला आपण 'सेक्रेटरी' म्हणू. आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा जर्मन अवतारच होता तो. कागद या डब्यात, प्लॅस्टिक त्या डब्यात, भाजीची सालं तिसऱ्याच डब्यात. काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या करायच्या आणि रविवारी अजिबात टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. पहिल्या दोन महिन्यांत आमचा जो काही संवाद झाला तो सगळा कचऱ्याबद्दल.

किचनच्या भिंतीवर त्याने एक कागद लावला होता, प्रत्येकाने आपली वाढदिवसाची तारीख लिहायची. मीही लिहिली. २२ नोव्हेंबर. आणि मनातल्या मनात निश्चिंत झालो. चला, म्हणजे लोकांना माहीत आहे.

आता आपल्याकडचा हॉस्टेलचा वाढदिवस आठवा. रात्री बाराला दारावर लाथा, मग वाढदिवसवाल्याला लाथा (याला 'बंप्स' असं गोड नाव आहे), मग केक तोंडात कमी आणि तोंडावर जास्त. दुसऱ्या दिवशी बिल अर्थात आपलंच. पण सुरुवात दुसऱ्यांनी करायची. आपण फक्त झोपल्याचं नाटक करायचं.

तर २१ तारखेला, गुरुवारी, संध्याकाळी साडेसातला मी किचनमधे खिचडी टाकत असताना आई-बाबांचा व्हिडिओ कॉल आला. हिवाळ्यात जर्मनी आपल्यामागे साडेचार तास असते, म्हणजे पुण्यात बरोब्बर बारा वाजले होते. बाबा एवढ्या मोठ्याने 'हॅपी बर्थडे' म्हणाले की शेजारी पास्ता ढवळणारा सेक्रेटरी दचकला.

"उद्या आहे ना तुझा?" त्याने फोन झाल्यावर विचारलं.

मी म्हटलं, "भारतात आत्ताच लागला."

त्याचा चेहरा पडला. "आधी शुभेच्छा द्यायच्या नसतात. वाईट असतं ते." एवढं म्हणून पास्त्याची ताटली उचलून पठ्ठ्या खोलीत निघून गेला. जर्मनीत वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं अपशकुनी मानतात हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र वाटलं, काय माणूस आहे हा! माझ्या आई-बापांनी फोन केला तर याचं काय बिघडलं?

तरीही रात्री मी जुना टी-शर्ट घातला. केकने खराब झाला तरी चालेल असा. हसू नका. पावणेबाराला दिवा बंद करून पडलो. बारा वाजले. बारा पाच. कॉरिडॉरमधे पावलं वाजली तेव्हा मी डोळेसुद्धा मिटून घेतले होते. पावलं बाथरूमकडे गेली आणि परत आली. बारा वीस. फोनही गप्प, कारण पुण्यात पहाटेचे चार पन्नास, सगळे मित्र ढाराढूर.

खरं सांगायचं तर त्या रात्रीचं दुःख केकचं नव्हतंच. दोन महिने साठत आलेलं होतं. लेक्चरमधलं निम्मं डोक्यावरून जायचं, दुकानात बाई भरभर काहीतरी विचारायची आणि मी नुसता 'या, या' करायचो. घरी फोनवर मी सगळं मस्त चाललंय म्हणायचो आणि वर एक ठरलेलं वाक्य टाकायचो, "इथली माणसं जरा थंड आहेत." बारा चाळीसला मी लॅपटॉप उघडला आणि फ्रँकफर्ट ते मुंबई तिकिटं बघितली. वन वे. पहिली सेमिस्टर झाली की परत. व्हिसासाठी बाबांनी कर्ज काढून ८,६४० युरो बँकेच्या ब्लॉक्ड अकाउंटमधे भरले होते, त्यातले महिन्याला ७२० मला मिळायचे. त्यातून तिकिटाचे पैसे कसे बाजूला काढायचे याचा हिशोबसुद्धा मी एक्सेलमधे मांडला. इंजिनिअर माणूस रडतानासुद्धा एक्सेल उघडतो.

सकाळी सातलाच बाहेर पडलो, कुणाचं तोंड बघायला नको म्हणून. दिवसभर लेक्चर, लायब्ररी. संध्याकाळी सातला परत आलो तर किचनमधे सेक्रेटरी, इराणी मुलगी आणि कोलंबियन नुसतेच बसलेले. कुणी काही शिजवत नव्हतं.

सेक्रेटरी उठला, शेकहँड केला आणि अगदी ऑफिशियल सुरात म्हणाला, "हॅपी बर्थडे." मग जरा घुटमळला. "एक विचारू? आमचं काही चुकलं का?"

मला कळेना.

"तू यादीत तारीख लिहिलीस," तो म्हणाला. "पण आम्हाला बोलावलं नाहीस."

मंडळी, मी दोन मिनिटं गप्पच. मग हळूहळू उलगडा झाला. जर्मनीत ज्याचा वाढदिवस त्याने बोलवायचं असतं. केक त्याने आणायचा, ऑफिसात असला तरी त्यानेच. रात्री बाराला साजरा करतात, नाही असं नाही, पण तेव्हाही यजमान तोच. त्याने बोलावलं नाही तर लोक समजतात की याला एकटं राहायचंय, आणि निमूटपणे त्याला एकटं राहू देतात. न बोलावता कुणाच्या दारावर लाथा मारणं तर सोडाच! माझ्या दारापर्यंत येऊन परत गेलेली पावलंसुद्धा कदाचित... असो, ते बाथरूमचंच असेल.

म्हणजे मी खोलीत त्यांची वाट बघत होतो आणि ते किचनमधे माझी. आणि दोन महिने मी त्यांना थंड म्हणत होतो, तसं त्यांच्या लेखी थंड माणूस मीच होतो. जेवण घेऊन खोलीत जाणारा, दार लावून घेणारा.

मी म्हटलं, "आत्ता बोलावलं तर चालेल? साडेआठला?"

इराणी मुलगी म्हणाली, "आम्ही कुठे जाणार आहोत? इथेच राहतो."

आता खायला काय करायचं? आणायला केक होता, पण मला एकदम शिरा आठवला. घरी दर वाढदिवसाला आई शिराच करते. धावत सुपरमार्केटला गेलो. रव्याला जर्मनमधे 'ग्रीस' म्हणतात आणि तिथे त्याच्या दोन जाती निघाल्या. घरी फोन लावला. तिकडे बारा वाजून गेलेले, पण आई जागीच. मी कॅमेरा पुडीवर धरला. आई म्हणाली, "अरे, तो पिवळा नको, पांढरा घे. आणि बटर घे भरपूर, तूप कढव आधी." पाव किलोचं बटर कढवताना किचनमधे धूर झाला तशी सेक्रेटरीने स्टुलावर चढून स्मोक डिटेक्टरखाली वर्तमानपत्राने वारा घालायला सुरुवात केली. शिरा होईपर्यंत तो तसाच उभा होता. त्यात तेलुगू गड्याने स्वतःकडची वेलची आणि काजू काढून दिले. दोन महिने त्याच्याकडे वेलची होती हे मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं कधी.

शिऱ्याची मूद पाडली, त्यात कोलंबियनने मेणबत्ती खोचली आणि सगळे म्हणाले, फुंक. फोनमधून आई ओरडली, "विझवू नको रे! वाढदिवसाला दिवा विझवतात का कुणी?"

मी भाषांतर केलं. मग काय करायचं असतं, इराणी मुलीने विचारलं. मग आईने तिच्याकडून औक्षण करवून घेतलं. जवळजवळ सात हजार किलोमीटरवरून, मराठीत! ताटलीत एक छोटी मेणबत्ती, तिच्याच बोटातली सोन्याची अंगठी, सुपारी नव्हती म्हणून अक्रोड, अक्षतांना बासमती. "आधी अंगठी आणि सुपारी ओवाळ, मग दिवा. अगं उजवीकडून, उजवीकडून!" ती चुकली की आई थांबवायची आणि पहिल्यापासून करायला लावायची. शेवटी ती म्हणाली, "तवल्लोदत मोबारक", आणि आईला त्यातलं मुबारक बरोब्बर कळलं. बाबा मागे उभे होते. ते काही बोलले नाहीत, फक्त फोनच्या कडेला त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता. तिकडे रात्रीचा दीड वाजला होता.

सेक्रेटरीने भेट दिली ती सकाळपासून गुंडाळून ठेवलेली. सायकलचा मागचा लाइट. "तुझ्या सायकलला नाहीये. पोलिसांनी पकडलं तर २० युरो दंड आहे." यापेक्षा त्याच्यासारखी भेट दुसरी नसेल :)

दहा वाजता मैफल संपली. तिथे दहानंतर शांतता पाळायची असते आणि सेक्रेटरी समोरच बसलेला. पावणेदहाला सगळ्यांनी मिळून भांडी घासली. त्या रात्री ते एक्सेल मी उघडलं नाही. डिलीटही केलं नाही म्हणा, जानेवारीत परीक्षेच्या आधी पुन्हा एकदा उघडलं होतं. एका शिऱ्याने सगळं सुटत नाही. पण तेव्हा खोलीत न बसता किचनमधे जाऊन सांगितलं की मला अल्गोरिदम्स कळत नाहीयेत. कोलंबियन म्हणाला, मलाही नाही. मग दोघे मिळून बसलो. दोघेही पास झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला गेलो तर भिंतीवरच्या यादीत माझ्या तारखेपुढे बारीक, नीटनेटक्या अक्षरात काहीतरी वाढवलेलं. '२१ नोव्हेंबर, १९:३० पासून. (भारत)'. म्हणजे नियमात दुरुस्ती झाली होती!

पुढच्या वर्षी, २०२० च्या नोव्हेंबरमधे, कोरोनामुळे जर्मनीत पुन्हा निर्बंध आले होते. बरेचसे लोक मजला सोडून गेलेले, लेक्चर सगळी ऑनलाइन. त्या वर्षी मी आधीच निरोप दिला होता की २२ ला शिरा आहे, आहेत त्यांनी या. आणि २१ तारखेला संध्याकाळी बरोब्बर साडेसातला दारावर टकटक झाली. लाथ नव्हे, टकटक. बाहेर सेक्रेटरी, मास्क लावून, घड्याळाकडे बघत. "आता चालतं ना?" आईचा फोन नेमका त्याच वेळी वाजत होता.

२०२२ मधे मी पुण्याला परत आलो. सेक्रेटरी मूळचा ब्रेमेनकडचा, आता तिकडेच नोकरीला आहे. ब्रेमेनला अशी प्रथा आहे की तिशीपर्यंत लग्न न झालेल्या पुरुषाने वाढदिवसाला कथीड्रलच्या पायऱ्या झाडायच्या. माझी तिशी जवळ येत चालल्यामुळे पुण्यात पायऱ्या कुठे आहेत याची तो चौकशी करत असतो. मी त्याला पर्वती सांगितलेली नाही.

नांदेडच्या गड्याला काल म्हटलं, येत्या शुक्रवारी तुझा वाढदिवस उशिराने करू. खर्च आपण वाटून घेऊ, पण बोलवायचं तू. प्रत्येकाच्या डेस्कपाशी जाऊन. तो लाजला, म्हणाला, "कसं सांगायचं?" म्हटलं, दोन शब्दांत. 'शुक्रवारी या.' आज दुपारपर्यंत चार जणांना सांगून झालंय.

सेक्रेटरीचा वाढदिवस जुलैत असतो. उन्हाळ्यात फरक साडेतीन तासांचा होतो, म्हणजे त्याच्याकडे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. मी अलार्म लावून उठतो आणि मेसेज टाकून परत झोपतो. आई म्हणते, अरे रात्री झोपायच्या आधीच पाठवून टाक की.

आधी नाही. अपशकुन होतो.