मामांचा गट

पुणतांब्याला प्रवाशांचे दोन गट पडतात. शिर्डीचे भक्त फाट्यावरून पुढे निघून जातात आणि आजोळी आलेले माझ्यासारखे भाचे तेवढे खाली उतरतात. गट पाडणे हाच माझा पोटाचा धंदा, म्हणून हे मला चटकन दिसते.

मामांना माझी नोकरी कधीच कळली नाही. एकदा मी सांगितले, "संगणकावर एकच पान असते. कारकुनाला त्यात हजेरी दिसते, साहेबांना पगारही दिसतात. सर्वांसाठी एक नियम, त्याच्यावर गटाचा, आणि सगळ्यांत वर एखाद्या माणसापुरता. जवळचा नियम लांबच्याला मागे सारतो."

"म्हणजे तलाठ्याचंच काम की!" मामा म्हणाले.

1 जून 2017 ला शेतकऱ्यांचा संप याच गावातून उठला. मग कर्जमाफीची योजना आली, आणि सप्टेंबरात मी मामांबरोबर सेवा केंद्रात गेलो. अर्ज संगणकावर, आणि ओळख पटवायला अंगठा! थकबाकीदाराला दीड लाखापर्यंत माफी. त्याहून जास्त कर्ज असेल, तर वरची रक्कम आधी त्याने भरायची. वेळेवर फेडणाऱ्याला भरलेल्या रकमेच्या 25 टक्के, पण 25,000 रुपयांच्या वर नाही. आमच्या मामांनी आदल्या वर्षी मामीच्या पाटल्या मोडून सोसायटीचे कर्ज फेडले होते.

"माझा गट कोणता रे, बाळ्या?"

"नियमित, मामा."

"असं होय," एवढेच बोलून ते चालू लागले.

त्यांचा जीव रमावा म्हणून मी माझीच एक फजिती सांगितली. नसती सांगितली तर बरे झाले असते. एक बाई दोन गटांत होत्या. दोहोंपैकी कडक नियम चालवायचा, असे मी ठरवून ठेवलेले. परिणामी दोन महिने त्यांना स्वतःचीच पगारपावती दिसेना! शेवटी त्यांचा फोन आला आणि मी पाच मिनिटांत त्यांच्यापुरती सवलत घातली.

मामा थांबले. "त्या बाईंना तुझा नंबर ठाऊक होता. मी कुणाला फोन करू?"

मी चपलेतला खडा काढीत बसलो.

त्या दिवाळीनंतर, जे पान एखाद्याला बंद असेल तिथे मी तीन गोष्टी लिहू लागलो : तुम्ही कोणत्या गटात आहात, कोणत्या नियमाने हे बंद आहे, आणि विचारायचे कोणाला. साहेब म्हणाले, "उगाच जागा अडते."

मी ती ओळ काढलेली नाही. विचारायचे कोणाला, तिथे सध्या माझाच नंबर आहे. जेवताना वाजतो, तेव्हा आमच्या घरात कटकट होते.