केमचं कुंकू आणि मालकांचं ऑपरेशन

पुण्याहून सोलापूरला जाताना जेऊर मागे पडलं की कुर्डुवाडीच्या अलीकडे केम लागतं. करमाळा तालुक्यातलं हे गाव कुंकवाचं. लोकसंख्या हा माझा अभ्यासाचा विषय, त्यामुळे कुंकवाच्या पुड्या भरणाऱ्या बायकांत बसले तरी मी शेवटी पाळण्यावरच येते. ‘ऑपरेशन झालंय का?’ या प्रश्नाला इथे कुणी लाजत नाही. ‘दोन पोरांवर केलं की, ताई.’ मग मालकांनी का नाही केलं? सगळ्या हसल्या. ‘त्यांस्नी कष्टाची कामं असत्यात, त्यांना कशाला?’ हे सांगणारी बाई नुकतीच हळदीचं पोतं पाठीवरून उतरवून बसली होती.

एकेकाळी उलटं होतं. नसबंदी म्हणजे पुरुषांचीच, असाच समज होता. मुंबईत डॉ. डी. एन. पै यांनी रेल्वे स्टेशनांवर नसबंदीची केंद्रं उघडली होती. बाईच्या मानाने हे ऑपरेशन किरकोळ. पोट उघडावं लागत नाही. मग आणीबाणी आली. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक सगळ्यांना ‘केसेस’चा कोटा. केमपासून फार लांब नाही, कुर्डुवाडीहून छोट्या गाडीने जायचं त्या बार्शीत 1976 च्या जानेवारीत मोहीम निघाली. आपणहून कुणी येईना, तेव्हा माणसं धरून कचऱ्याच्या गाडीत घालून नेली. त्याच वर्षी शंकरराव चव्हाणांच्या सरकारने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक विधिमंडळात मंजूर करून घेतलं. असं करणारं देशातलं हे एकमेव राज्य. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो.

1977 मध्ये केंद्रातलं सरकार पडलं, ‘कुटुंबनियोजना’चं ‘कुटुंबकल्याण’ झालं. पुरुषांच्या मनातली भीती मात्र गेली नाही, आणि त्यांना पुन्हा हात लावायची हिंमत कोणत्याच पक्षाला झाली नाही. सगळा भार बायकांवर सरकला. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्यांचं ऑपरेशन झालेलं दिसतं. पुरुष नसबंदी शेकडा अर्धीही भरत नाही.

र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा त्यांच्यासमोर बाई होती, तिची इच्छा होती. 1952 मध्ये सरकारी कार्यक्रम सुरू झाला आणि हळूहळू समोर आकडा आला. कैरोच्या 1994 च्या लोकसंख्या परिषदेनंतर दोन वर्षांनी भारताने उद्दिष्टं कागदावरून काढली. पण मार्चअखेरीची घाई अजून ज्याने त्याने आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन पाहावी.

दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर ग्रामपंचायतीची निवडणूक नाही, हा आपल्याकडचा नियम 2000 सालचा. सरकारी नोकरीला तो 2005 मध्ये लागला. यानेच जन्मदर उतरला असं छातीठोकपणे सांगणारे पुढारी मला अधूनमधून भेटतात. 1992-93 मध्ये महाराष्ट्रात बाईमागे सरासरी 2.9 मुलं होती, 1998-99 मध्ये 2.5. म्हणजे कायद्याआधीच घसरण लागली होती. शाळा, दवाखाना आणि जगणारी मुलं यांनी ती लावली. 2019-21 मध्ये हा आकडा 1.7 होता. दोनचीच मुभा आणि त्यातला एक मुलगाच हवा, या हट्टाची किंमत मुलींनी मोजली: सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 2001 मध्ये 913 मुली होत्या, 2011 मध्ये 894.

आणि जन्मदर उतरला तरी क्रम तोच आहे. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी लग्न, लगोलग दोन बाळंतपणं, पंचविशीच्या आतबाहेर ऑपरेशन. पाळणा थांबवणं सरकारने शिकवलं. पाळणा लांबवणं शिकवायचं राहूनच गेलं.

निघताना एक नवी सून दारापर्यंत आली. बोटं कुंकवाने लाल. हळूच म्हणाली, ‘ताई, तांबी बसवली तर सासूबाईंना कळतं का वो?’

‘आपण सांगितलं तरच,’ मी म्हटलं. ती आत गेली आणि पुड्या मोजू लागली.