आधी ओढ, मग सावधगिरी

जमिनीविषयी मुलांना शिकवायचं ते त्यांना सावध करण्यासाठी, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. मी लातूरकडचा भूगोलाचा शिक्षक. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आमच्या भागात कोणी विसरलेलं नाही. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक थकून झोपले होते आणि 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात जमीन हलली. 52 गावं उद्ध्वस्त झाली, हजारो माणसं माळवदाच्या घरांखाली गेली. त्यानंतर भूकंप, दरड, पूर हे धडे मी फार गंभीरपणे शिकवले. पृथ्वीचे ‘दिन’, ‘सप्ताह’, प्रदर्शनं यांना माझा विरोध असे. ज्या मातीने एवढे बळी घेतले तिचा उत्सव कसला करायचा, असं मी सहकाऱ्यांना विचारायचो.

ते मत आता राहिलेलं नाही. ते कशामुळे बदललं, हे मोकळेपणाने सांगायला हवं.

भीतीने शिकवलेलं मुलं पाठ करतात. बाकाखाली शिरायचं, उघड्यावर यायचं, भिंतीपासून लांब राहायचं, हे सगळं माझ्या वर्गाला तोंडपाठ होतं. पण जमिनीबद्दल एकही प्रश्न कोणी विचारत नव्हतं. घरी मोठ्या माणसांपुढे विषय काढला की ती गप्प होत, आणि त्यांचं गप्प होणं मला समजत होतं.

मग एका उन्हाळ्यात गावालगत नवी विहीर खोदली जात होती, तिथे मुलांना नेलं. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या, त्याखाली काळा पाषाण. विहीरवाल्या शेतकऱ्याने बोट दाखवलं, “गुरुजी, पाणी ह्या सांध्यातून येतंय बघा. पाषाणात भेग नसली तर थेंब लागत नाही.” दोन थरांच्या मधे विटकरी रंगाचा एक लाल पट्टा होता. एका मुलीने विचारलं, काळ्या दगडात ही लाल माती शिरली कशी?

तिला उत्तर देताना मला भान आलं, की आपण हे कधी शिकवलंच नव्हतं. खालचा थर म्हणजे एकदा पसरून थंड झालेला लाव्हा. त्यानंतर बराच काळ काही आलं नाही. ऊन-पावसाने त्या दगडाची माती झाली. मग पुन्हा लाव्हा आला आणि त्याच्या आचेने ती माती भाजून निघाली. म्हणजे तो हातभर पट्टा ही एकेकाळची उघडी जमीन होती. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीची. मुलं काठावर उकिडवी बसून पट्ट्याकडे पाहत राहिली.

त्याच बैठकीत पुढचा प्रश्न आला, पाषाणाच्या खाली काय आहे? भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला खोल भोक पाडलं होतं. सुमारे 340 मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर त्यांना त्याहून कितीतरी जुना खडक लागला. 1993 चा धक्का त्या जुन्या खडकातून आला. त्याआधी हा पट्टा देशातल्या सर्वांत कमी धोक्याच्या भूकंपक्षेत्रात धरला जात होता. पुढे 2002 च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या क्षेत्रात आला. हे ऐकून मुलं आपणहून भिंतींवर आली. दगड-मातीची जाड भिंत उन्हाळ्यात गारवा देते, मग हादऱ्यात का ढासळते? दगडांना एकमेकांत गुंतवणारे लांब दगड घातले असते तर? वर्गात जो धडा मी रेटत होतो, तो मुलांनी विहिरीच्या काठावर स्वतः मागून घेतला. उत्सुकता आली की तिच्यामागून सावधगिरी येते; उलट क्रमाने ती येताना मी पाहिलेली नाही.

एक आग्रह मात्र मी सोडलेला नाही. शाळेच्या प्रदर्शनात सोडा आणि व्हिनेगर घालून शंकूतून फेस काढतात, तो आपल्या मुलांनी करू नये. दख्खनचा लाव्हा मुख्यतः जमिनीतल्या लांबलचक भेगांमधून वर आला आणि थरावर थर पसरत गेला. सह्याद्रीच्या कड्यांवरच्या आडव्या पायऱ्या त्याची साक्ष देतात. आपल्या पायाखाली जे घडलंच नाही ते शिकवण्यात मुलांचा वेळ का घालवावा?

लोकांना यात रस नसतो, ही तक्रारही मी आता ऐकून घेत नाही. जून 2020 मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा घराघरांत त्याची चर्चा झाली. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. लोणारला भाविक गोमुखाच्या धारेसाठी येतात, लवणासुराची कथा सांगतात. त्याच काठावर उभं राहून उल्केच्या आघाताने बेसाल्टमध्ये पडलेल्या 1.8 किलोमीटर रुंदीच्या विवराची गोष्टही सांगता येते. दोन्ही गोष्टी ऐकणारा माणूस तो काठ जास्त जपेल. याउलट मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल उभी आहे. उभ्या खांबांसारख्या बेसाल्टचा जवळपास 60 मीटर उंचीचा हा सुळका. आसपासचा खडक खाणींनी खाल्ला, मग इमारतींनी वेढा घातला. कायद्याचं संरक्षण मिळालं, पण गाडीतून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना ती माहीत असते? ज्याची ओळख नाही, त्याच्यासाठी कोण भांडणार?

युनेस्कोने 2021 मध्ये 6 ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय भूविविधता दिन ठरवला. आमच्याकडे 30 सप्टेंबरला गेलेल्यांना श्रद्धांजली वाहिली जाते. त्यानंतर सहाव्या दिवशी हा दिवस येतो. पूर्वी मला या दोन दिवसांचं जवळ असणं खटकलं असतं. आज मी शाळांना दोन्ही पाळायला सांगतो. ऑक्टोबरात विहिरी भरलेल्या असतात, थर पाण्याखाली जातात, म्हणून तेव्हा ओढ्याच्या काठाची उघडी पडलेली दरड किंवा रस्त्यासाठी कापलेली टेकडी गाठावी. पाऊस चालू असेल तर जाऊ नये. विहीर मे महिन्यात, मालकाला विचारून, काठापासून अंतर ठेवून दाखवावी. सोबत एखादा विहीर खोदणारा माणूस असू द्या, आणि आधी त्याला बोलू द्या.