बारीक धार

ओट्यावरचा नळ कधीपासून बारीक झाला, हे घरात कुणालाच सांगता येईना. बंद पडलेला नळ लगेच कळतो; बारीक होत जाणारा चष्म्याच्या नंबरासारखा फसवतो. मला तो कळला कानानं. नळाखाली गुंड लावला की आधी धडधड आणि मग भरत येईल तसा चढत जाणारा सूर. तो सूर लागेचना. नुसती पिचकारी, तीही तिरपी.

नळ दुरुस्त करणाऱ्याला फोन केला. "भाऊ, एकच नळ बारीक चालते का सगळेच?" या एका प्रश्नात त्याची अर्धी विद्या. सगळेच बारीक असतील तर दोष टाकीच्या तोंडाशी, नाहीतर पाइपात हवा धरलेली. एकच असेल तर त्याच्याच अंगात. न्हाणीतला नळ तर बदाबदा वाहत होता. सिंकखालचा कॉकही पुरता उघडा. "मंग तोंडाची जाळी काढून पाहा."

पान्याला फडकं गुंडाळून जाळी फिरवली. निघाली तेव्हा तिच्यात आमचं यवतमाळच निघालं. काळ्या दगडातून झिरपत बोअरमध्ये येणारं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत आणतं. त्याचा पांढरा खार भोकाभोकांत बसलेला. मागं टाकीतला गाळ आणि गंजाचा एक पोपडा. आमची टाकी नळाच्या वर जेमतेम तीन मीटर. दहा मीटर उभ्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो, म्हणजे आमच्या वाट्याला त्याचा तिसरा हिस्सा. एवढ्याशा जोरावर पाणी त्या खारातून वाट काढत होतं, याचंच नवल.

जाळी लिंबाच्या रसात टाकली. खारावर बारीक बुडबुडे धरू लागले. ते बघत बसलो असताना 2018 चा उन्हाळा आठवला. निळोणा आणि चापडोह, शहराला पाजणारी दोन्ही धरणं तळाला गेली होती. आमच्याकडे पाणी येत नाही, 'नळ येतात'. त्या वर्षी ते पाहुण्यासारखे, न सांगता यायचे. आधी तोटीतून नुसती हवा सुसायची. तेवढ्यानं आई अंथरुणातून उठायची आणि मागोमाग गल्लीत ड्रम सरकल्याचे आवाज. वाटीत भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, तुळशीच्या कुंडीतून निथळलेलं बादलीत. पुढं बेंबळा धरणाचं पाणी शहरात आणायचं काम झालं, पण आईचा हात काही सैल झाला नाही.

तासाभरानं दातांच्या जुन्या ब्रशनं जाळी घासली, उजेडाकडे धरली. भोकं चाळणीसारखी मोकळी. वायसर नीट बसवून जाळी हातानंच आवळली आणि नळ पुरता सोडला. गुंडात धडधड सुरू झाली. सूर चढायला लागला.

"काहून एवढा सोडला रे?" आई देवघरातूनच म्हणाली. मग उठून आली आणि धार सुतळीएवढी केली.