बिनमाशांचं पाणी

नवा फिशटँक आणावा, वाळू धुऊन घालावी, फिल्टर सुरू करावा, दिवा लावावा आणि मासे मात्र सोडू नयेत. मग येणारा-जाणारा तुमच्याकडे जरा काळजीनं बघू लागतो. शेजारच्या काकू तर हळू आवाजात विचारतात, "मेले का हो सगळे?" मेले नाहीत काकू, अजून यायचेत. आधी त्यांचा संडास बांधून व्हायचाय, हे खरं उत्तर. पण हातात चहाचा कप असलेल्या माणसासमोर ते बोलवत नाही.

मासा श्वास घेतो तिथूनच, म्हणजे कल्ल्यांतूनच, अमोनिया पाण्यात सोडत असतो. नदीत तो वाहून जातो, पातळ होतो. काचेच्या चार भिंतींत तो जाणार कुठे? तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजावर आणि वाळूच्या कणांवर वस्ती करतात. एक जमात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना घातक. तिसरं त्या मानानं सुसह्य. ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. याला छंदवाले 'टँक सायकल होणं' म्हणतात. तोवर मासे नाहीत, म्हणून जिवाणूंना खायला अमोनियम क्लोराइडचे थेंब घालायचे आणि संध्याकाळी अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजणाऱ्या किटच्या परीक्षानळ्या घेऊन बसायचं.

तीन नळ्यांपैकी नायट्रेटची सगळ्यात भाव खाणारी. पिवळ्याची नारिंगी, नारिंगीची लाल होते. आपल्याला वाटतं, झालं, टाकी तयार! इथेच जरा थांबावं. या किटला नायट्रेट थेट दिसतच नाही. त्यातली जस्ताची भुकटी आधी नायट्रेटचं नायट्राइट करते आणि मग त्या नायट्राइटचा रंग उमटतो. ही रंगाची युक्ती पीटर ग्रीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची. 1879 मधली, तेव्हा तो इंग्लंडमध्ये बर्टन गावच्या बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता. युक्ती झकास, पण पाण्यात आधीच नायट्राइट साचलेलं असेल, तर तेही नायट्रेटच्या खात्यावर मांडलं जातं. सायकलच्या मधल्या दिवसांत नायट्राइट भरपूर असतं. त्यामुळे तेव्हाची लालभडक नळी निम्मीशिम्मी खोटी असू शकते. उलटही होतं. भुकटी बाटलीच्या तळाशी घट्ट बसते. बाटली दणदणीत हलवली नाही, तर नायट्रेट भरपूर असूनही नळी सोज्वळ पिवळी राहते.

म्हणून मी आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी शाळेतलं रसायनशास्त्र काढतो. अमोनियाचा रेणुभार 17, नायट्रेटचा 62. म्हणजे 2 पीपीएम (लिटरमागे 2 मिलिग्रॅम) अमोनिया पूर्ण पचला, तर नायट्रेट सातच्या थोडं वर यायला हवं. एकदाच तेवढा डोस घालून नळी 40 सांगत असेल, तर बाकीचं आलं कुठून? बहुतेक वेळा उत्तर नळाखाली सापडतं. बोअरवेलच्या किंवा विहिरीच्या पाण्यात शेतातला युरिया, गोठा, सेप्टिक टँक असं सगळं झिरपत असतं. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात लिटरमागे 45 मिलिग्रॅम नायट्रेट चालतं. म्हणजे माणसाला चालणारं पाणी पहिल्या दिवशीच किटची नळी लाल करू शकतं आणि टाकीत एकही कामाचा जिवाणू नसतो. पहिली चाचणी टाकीची नव्हे, नळाची करावी, हे दुकानदार सांगत नाहीत. त्यांना मासे विकायचे असतात, त्यांचंही बरोबर आहे.

आणि वनस्पती असल्या तर हिशेब आणखी बिघडतो. त्या अमोनिया परस्पर खाऊन टाकतात, नायट्रेट व्हायला उरतच नाही. टाकी ठणठणीत, आकडा शून्य.

वनस्पतींच्या याच करामतीनं एका बापाला चकवलं होतं. लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यानं 1850 च्या सुमारास बारा गॅलनच्या टाकीत दोन छोटे गोल्डफिश, वॅलिस्नेरियाची रोपं आणि गोगलगायी ठेवल्या आणि पाणी न बदलता मासे जगवून दाखवले. रोपं प्राणवायू देतात, गोगलगायी सडकी पानं खातात, असा त्याचा हिशेब. त्यात चूक काही नव्हती, फक्त वाळूतले मजूर मोजायचे राहिले होते. 1867 मध्ये तो गेला. त्याच नावाचा त्याचा मुलगा पुढे रॉथमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात मातीतल्या नायट्रेटच्या मागे लागला आणि अमोनियाचं नायट्रेट करण्याचं काम दोन टप्प्यांत, दोन वेगळ्या जिवांकडून होतं, हे त्यानं दाखवलं. ते जीव वेगळे काढणं मात्र त्याला साधलं नाही. ते 1890 च्या सुमारास झुरिकमध्ये विनोग्राडस्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं केलं. बापाच्या टाकीचं कोडं मुलानं शेतात बसून निम्मं सोडवलं. विज्ञानाच्या इतिहासातली ही जोडी मला क्युरी मायलेकींइतकीच आवडते, पण तिच्यावर कुणी सिनेमा काढणार नाही.

तर नायट्रेट एकटं कधी वाचू नये. संध्याकाळी अमोनियाचा डोस घालावा. दुसऱ्या संध्याकाळी अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य आणि नायट्रेट कालच्यापेक्षा वर असेल, तर लाल रंगाचा आनंद खुशाल मानावा. पण तोही एकाच दिवसापुरता, कारण इतके आठवडे ज्याची वाट पाहिली, तेच आता उपसून काढायचं असतं. टाकीत 40 आणि नळाला शून्य, तर निम्मं पाणी बदलल्यावर 20 उरतं. नळालाच 20 असेल, तर 30 उरतं आणि कितीही बादल्या ओढल्या तरी आकडा विसाखाली जात नाही. अशा घरी मासे थोडे ठेवावेत, वॅलिस्नेरिया दाट लावावी आणि उपसलेलं पाणी मोरीत न ओतता कुंड्यांना घालावं. मोगऱ्याला ते फार मानवतं.