पित्ताची गोळी

आमच्या घरी एका गोळीला गेली तीस वर्षे ‘पित्ताची गोळी’ म्हणतात. हे बारसे मीच केले. खरे म्हणजे ती फेफऱ्याची गोळी. पण हे सौ.वाचून कुणाला ठाऊक नव्हते. १९७६ पासून हिंदू विवाह कायद्यानेच फेफऱ्याला वेडाच्या पंगतीला बसवले होते; वारंवार फेफरे येणाऱ्याचे लग्न त्यापायी रद्द होऊ शकत असे. १९९९ साली कायद्याने तो शब्द काढून टाकला. मी मात्र पित्तालाच धरून बसलो!

गेल्या दिवाळीपूर्वी रविवार कारंजापाशी औषधाच्या दुकानात उभा होतो. शेजारी आमच्या वाड्यातले अण्णा. दुकानदाराने आम्हा दोघांपुढे एकाच औषधाच्या पट्ट्या ठेवल्या. सोडियम व्हॅल्प्रोएट.

“अण्णा, तुम्हालाही पित्त का हो?”

“छे हो! धाकट्याची आहे. मनाच्या आजाराची.” अण्णा शांतपणे म्हणाले.

अण्णांचा धाकटा कधी आठ-आठ दिवस झोपेवाचून नवे नवे बेत सांगत गावभर हिंडे, तर कधी महिना महिना अंथरूण सोडीत नसे. त्याची गोळी आणि माझी एकच? म्हणजे डॉक्टरांनी मलाही वेड्यात काढले की काय! त्या रात्री मी गोळी घेतली नाही. दुसऱ्या रात्री नाही, तिसऱ्याही नाही.

चौथ्या दिवशी सकाळी रामकुंडावर गेलो, एवढेच आठवते. डोळे उघडले तेव्हा अण्णा माझा हात धरून बसले होते. मागाहून कळले, की कुणी कांदा आणायला धावला होता, कुणी चप्पल पुढे केली होती. अण्णांनी साऱ्यांना बाजूला सारले, मला कुशीवर वळवले आणि तोंडात काहीही घालू दिले नाही.

डॉक्टर रागावले. “ही गोळी एकदम सोडली की झटके उसळून येतात. माझ्यावर राग आला, तरी मला विचारून सोडायची!”

मग त्यांनी तिची कुळकथा सांगितली. बर्टन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १८८२ साली एक आम्ल तयार केले. पुढे ऐंशी वर्षे इतर पदार्थ विरघळवण्याखेरीज त्याला काम नव्हते. १९६०च्या सुमारास फ्रान्समधील ग्रनोबल येथे पिएर एमार नवी औषधे त्यात विरघळवून तपाशीत होते. जे विरघळवावे ते फेफऱ्यावर गुणकारी! शेवटी उमगले, गुण त्या आम्लाचाच. १९६७ साली फ्रान्समध्ये ते औषध म्हणून आले. मनाच्या अनावर उधाणावर अमेरिकेने त्याला १९९५ साली मान्यता दिली.

“मेंदूतल्या पेशी एकदम गलका करू लागल्या, की फेफरे येते. गोळी तो गलका शमवते. अण्णांच्या मुलाच्या मनाचे उधाणही तीच आवरते. मात्र ती साधीसुधी नव्हे. यकृताकडे लक्ष ठेवावे लागते, आणि गर्भाला तिचा धोका असल्याने तरुण बायकांना ती सहसा देत नाहीत. पण रोगाची लाज तिच्यात कुणी घातलेली नाही. ती आपण घरून आणतो.”

यंदा दिवाळीपूर्वी अण्णा नि मी जोडीने दुकानात गेलो. रात्री नातीने नेहमीप्रमाणे विचारले, “आजोबा, पित्ताची गोळी घेतलीत?”

“पित्ताची नाही गं, फेफऱ्याची.”

ती क्षणभर थांबली. “बरं, पण घेतलीत ना?” म्हणाली आणि फुलबाजी पेटवायला अंगणात पळाली.