नातवाला घाण्याचंही सांग

किन्हवली, ता. शहापूर

प्रिय मित्रा,



पत्र पोचलं. नातवाला शाळेत घराण्याचा इतिहास लिहून न्यायचा आहे हे वाचून फार बरं वाटलं. पण तू त्याला नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं तुम्हां बेने इस्रायली ज्यूंच्या पूर्वजांचं गलबत सांगितलंस, त्यातून वाचलेली सात जोडपी सांगितलीस, आणि तिथून एकदम पणजोबांच्या पलटणीवर आलास. मधल्या एवढ्या पिढ्या तेल गाळत होत्या, ते मात्र गाळलंस. ‘त्यात सांगण्यासारखं काय’ असं तू लिहिलं आहेस. मी तेल्याचा नातू. मला हे तसंच सोडवेना, म्हणून लगेच लिहायला बसलो.

आधी आमच्या घाण्याचं सांगतो, कारण तुझ्या घरचा तू पाहिला नाहीस आणि आमचा मी पाहिला आहे. पडवीत चिंचेच्या खोडाचं उखळ जमिनीत पुरलेलं. त्यात तिरकी उभी लाट, लाटेला आडवी फळी, फळीवर दगड ठेवलेले आणि दगडांशेजारी कधीकधी मी. बैलाच्या डोळ्यांवर झापडं. आजोबा बैल म्हशाच्या जत्रेतून पारखून आणायचे; पौष पौर्णिमेला तिथे मोठा बाजार भरतो. घाणा मुख्यतः खुरासणीचा. आमच्या वरकस जमिनीत पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी आणि माती दमली की खुरासणी, असा फेर असे. ठाकर, कातकरी डोंगरावरून दाणे डोक्यावर घेऊन यायचे, तेल घेऊन जायचे आणि पेंड बैलाला उरायची. दाणे पुरते चिरडले की आजोबा त्यावर कोमट पाण्याचा हबका मारत. पाणी कमी पडलं तर तेल सुटत नाही, जास्त झालं तर सगळा लगदा होतो. किती पाणी ते आजोबांनी तोंडाने कधी सांगितलं नाही. चिमटीत पेंड दाबायला लावायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचे. खालच्या भोकातून तेलाची पहिली धार लागली की अख्ख्या घराला वास कळायचा.

सोमवारी घाणा बंद. महादेवाचा वार, नंदीला जुंपायचं नाही. गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं तरी आजोबा उठत नसत. तुमच्या कोकणातल्या गावांत हाच खाडा शनिवारी असायचा, म्हणून लोक तुम्हांला शनिवार तेली म्हणत. तुमच्या धर्माज्ञेत शब्बाथचा विसावा मालकाला आहे, चाकराला आहे आणि जनावरालाही आहे. म्हणजे अलिबागकडच्या एखाद्या बेने इस्रायली अंगणात शनिवारी झापडं काढून बैल निवांत रवंथ करत उभा असायचा, तेव्हा ती आज्ञाच पाळली जात होती. हे नातवाला सांगितल्यावाचून त्याचा इतिहास पुरा कसा होईल?

आता माझं मत सांगतो. तुझ्या पूर्वजांजवळ पोथ्या राहिल्या नव्हत्या. हिब्रू गेली होती, मराठी आली होती. उरलं ते मुख्यतः एवढं: शेमा ही प्रार्थना, सुंता, खवले नसलेला मासा न खाणं आणि शनिवार. त्यांतला शनिवार सांभाळणं सगळ्यांत अवघड, कारण पोट रोज भरावं लागतं. परक्याच्या शेतात राबणाऱ्याला आठवड्यातून एक दिवस, तोही स्वतःच्या पसंतीचा, कोण देतो? घाणा घरचा, बैल घरचा, म्हणून थांबणंही आपल्या हातात. धंदा दुसरा असता तर तो वार टिकला असता, असं मला वाटत नाही. पुढे डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू आला आणि त्याने तुम्हांला ज्यू म्हणून ओळखलं, तेव्हा ओळखण्याजोगं काहीतरी शिल्लक होतं. त्यात घाण्याचा वाटा मोठा.

आणि हनुक्का! तुझा नातू दरवर्षी मोठ्या हौसेने दिवे लावतो ना? तेलाच्या चमत्काराचा हा सण तुमच्या तेल गाळणाऱ्या पूर्वजांना ठाऊकच नव्हता, तो मागाहून शिकवला गेला. हे ऐकून पोराचे डोळे केवढे होतील बघ.

पलटणीचंही सांग, जरूर सांग. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि 1796 साली त्यांनी मुंबईत तुमचं पहिलं सिनेगॉग बांधलं. हा अभिमानाचाच भाग आहे. पण मग पलटण, कारकुनी, रेल्वे असं करत घराणी शहरात स्थिरावली आणि तेलाचा उल्लेख हळूहळू गळला. ठाण्याचं सिनेगॉग 1879 चं. आपण कॉलेजात असताना तू मला तिथे मलिद्याच्या विधीला नेलं होतंस. पोहे, खोबरं, गूळ, फळं. तुझ्या आजीने माझी ओंजळ भरली होती. मी किन्हवलीच्या तेल्याचा हे कळल्यावर त्या माउलीने मला शेजारी बसवून घेतलं आणि पेंडीच्या वासाबद्दल किती वेळ बोलत राहिली. तू तेव्हा अवघडला होतास. मला ते आजही आठवतं, आणि म्हणूनच इतकं लांबण लावतो आहे.

इस्रायलला गेल्यावरही तुमच्या लोकांना ज्यूपण सिद्ध करायला लावलं. जेरुसलेममध्ये धरणं धरावं लागलं, तेव्हा कुठे 1964 साली तिथल्या सरकारने तुम्ही इतर ज्यूंच्या बरोबरीचे असल्याचं मान्य केलं. कागद मागणाऱ्यांना दाखवायला याहून चांगला पुरावा कोणता होता? कागद नसताना, कुणी विचारणारं नसताना, शतकानुशतकं दर शनिवारी घाणा थांबत होता.

आमचाही घाणा राहिला नाही. गिरणीचं तेल आलं, मग डबे आले, मग पिशव्या. उखळ परसात पडून आहे. पण पुतण्याने विजेवरचा लाकडी घाणा बसवला आहे, कल्याण-ठाण्याहून गिऱ्हाईक येतं. खुरासणी पेरणारे कमी झाले तरी अजून मिळते. पाण्याचा हबका किती, हे तो मला विचारतो आणि मीही त्याला चिमटीत पेंड दाबायला लावतो.

डिसेंबरात नातवाला घेऊन ये. तोवर खुरासणी झोडून झालेली असते. आधी नवगावला जाऊन या, मग आसनगावला उतरा, मी न्यायला येतो. पहिला घाणा त्याच्या हातून घालू. शनिवार आणि सोमवार सोडून कुठलाही दिवस चालेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
किन्हवलीकर